‘मेडलिस्ट’मधलं स्केटिंग डोळ्यांना का खटकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘युरी ऑन आइस’ ही जपानी ॲनिमे मालिका पाहून तुम्ही फिगर स्केटिंगच्या प्रेमात पडलात. मग ‘मेडलिस्ट’ हा स्केटिंगवरचाच मांगा (जपानी चित्रकथा) वाचला, तो त्याहून आवडला. २०२५ च्या जानेवारीत त्याची ॲनिमे मालिका सुरू झाली तेव्हा मोठ्या अपेक्षेने पाहायला बसलात. गोष्ट आवडली, आवाज आवडले, पण नायिका इनोरी बर्फावर उतरली की ‘व्हिडिओ गेममधली बाहुली’ दिसायला लागते आणि मन उडतं. हा स्टुडिओचा आळस आहे, पैशांची काटकसर आहे, की सीजी (संगणकावरचं थ्रीडी ॲनिमेशन) वापरलं की असंच होणार, असं तुम्ही विचारताय. पुढे पाहत राहू की सोडून देऊ, हेही विचारलंय.

मी कॅरेक्टर ॲनिमेटर आहे. सुरुवात लाइटबॉक्सवर, कागदावर केली, मग थ्रीडीत आले, आणि गेली कित्येक वर्षं मोशन कॅप्चरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या टिपलेल्या हालचालींचा, डेटा साफ करून त्यात प्राण आणणं हेच माझं रोजचं काम आहे. तुम्हाला जे खटकलं ते खरंच तिथे आहे, तुमचे डोळे तुम्हाला फसवत नाहीत. पण खापर सरसकट सीजीवर फोडायला मी तयार नाही. खटकतं ते वजन. स्केटरच्या अंगाचा सगळा भार एका पात्याच्या एका धारेवर बसलेला असतो, आणि तो तसा बसलेला दिसला नाही की बाकी कितीही सुंदर काढा, डोळा विश्वास ठेवत नाही. हातच्या चित्रातही हे हुकतं. ‘युरी’मध्येही हुकलंय. फरक इतकाच की चित्र हुकलं तर डोळा ते चित्र म्हणून सांभाळून घेतो, सीजीला तेवढी सवलत देत नाही.

आधी पातं समजून घ्या. फिगर स्केटच्या बुटाखालचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते. त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. चांगला स्केटर दोन्ही धारांवर सपाट उभा क्वचितच असतो. तो सतत कुठल्या तरी एका धारेवर कलून वळण घेत जात असतो. सायकल वळवताना आपण जसे वळणाच्या आत झुकतो, तसाच हा कल. वेग जास्त आणि वळण आवळ असेल तितका तो वाढतो. शिवाय पातं ज्या दिशेला रोखलेलं आहे त्याच रेषेत पुढे किंवा मागे जातं. ब्रेक मारताना किंवा मुद्दाम घसरताना सोडलं, तर ते आडवं सरकत नाही.

आता आमच्याकडे काय होतं ते पाहा. कॅप्चरचा डेटा हातात आला की पहिलं काम असतं पाय जमिनीला खिळवणं. चालणाऱ्या माणसाचा टेकलेला पाय पडद्यावर जरासा जरी सरकला तरी अख्खं पात्र तरंगायला लागतं. याला आम्ही फूट-स्लाइड म्हणतो आणि स्टुडिओत नवीन आलेल्या मुलांचे सुरुवातीचे महिने तेच निस्तरण्यात जातात. सॉफ्टवेअरमधली साधनंही त्याच हिशोबाने बनलेली आहेत: पाय टेकला की तिथे कुलूप घाल. स्केटिंगमध्ये हा सगळा हिशोब उलटा होतो. टेकलेला पाय सरकायलाच हवा, पण फक्त पात्याच्या रेषेत, आणि ती रेषा स्वतःच वाकत गेलेली असते. पात्याची दिशा आणि सरकण्याची दिशा यांत काही अंशांचा फरक पडला की संपलं. प्रेक्षकाला ‘पातं तिरकं गेलं’ असं सांगता येत नाही. त्याला एवढंच वाटतं की ही मुलगी बर्फाला टेकलेलीच नाही. तुम्ही म्हणता ती बाहुली इथेच तयार होते.

हे दुरुस्त करणं किती चिवट काम आहे ते सांगते. त्या शॉटमध्ये बर्फावर पात्याची जी रेघ उमटेल ती आधी आखायची. मग पाऊल त्या रेघेला जुंपायचं. पाऊल हललं की गुडघा एका फ्रेमला फटकन झटका खातो, कारण कंबर जुन्याच जागी असते. म्हणून कंबर थोडी आत घ्यायची. कंबर आत घेतली की कल बदलतो, कल बदलला की वेगाशी त्याचा मेळ बसत नाही, आणि आपण पुन्हा रेघेपाशी येतो. काही सेकंदांच्या शॉटवर माणसाचे कितीतरी दिवस असे जातात. टीव्ही मालिकेत एका भागात असे शॉट डझनावारी असतात आणि पुढच्या आठवड्याचा भाग दाराशी उभा असतो.

उडीवरून उतरतानाचा क्षण तर आणखी नाजूक. स्केटर मागे जात, बाहेरच्या धारेवर उतरतो. आधी पात्याचा पुढचा भाग टेकतो, मग घोटा आणि गुडघा दणका पचवत खोल वाकतात, मोकळा पाय मागे फिरतो आणि हात उघडून गिरकी थांबवली जाते. तो दणका पडद्यावर जेमतेम दोन-तीन फ्रेमचा असतो. कच्च्या डेटात थरथर असते म्हणून आपण त्यावर फिल्टर लावतो. फिल्टर जरा जास्त झाला की थरथरीबरोबर दणकाही गुळगुळीत होतो. पात्र मग पिसासारखं खाली येतं. स्केटिंगच्या मालिकेत उतरणं हलकं दिसलं तर त्या उडीची भीतीच उरत नाही, आणि भीती गेली की स्पर्धेची गोष्टही ढिली पडते.

‘मेडलिस्ट’समोर यात एक जादा अडचण होती, तिची नायिका. इनोरी युइत्सुका अकरा वर्षांची, पाचवीतली. बाकीच्या मुली अगदी लहानपणी सुरुवात करतात, त्या मानाने तिला फार उशीर झालाय. गोष्ट तिथूनच उभी राहते. मालिकेची कोरिओग्राफी आकिको सुझुकी यांची आहे. २०१० च्या व्हँकुव्हर आणि २०१४ च्या सोची, दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्या आठव्या आल्या होत्या. खऱ्या स्केटिंगची मोशन कॅप्चर करून त्यावर सीजी उभं केलंय. पण मोठ्या बाईची हालचाल ॲनिमे शैलीतल्या मुलीवर बसवायची म्हणजे डोकं मोठं, हातपाय आखूड, धड लहान. गिरकीत हात छातीशी आवळले की ते कॅप्चरमध्ये नीट बसतात, रिगवर (पात्राच्या थ्रीडी सांगाड्यावर) मात्र हनुवटीत किंवा केसांत घुसतात. मग हात थोडे बाहेर काढावे लागतात. हात बाहेर आले की गिरकीचा वेग खोटा वाटतो, कारण भोवरीचं गणितच असं आहे की अंग जितकं आवळाल तितका वेग वाढतो. पाय आखूड, पण कापलेलं अंतर मोठ्या माणसाचं. त्यामुळे एका ढकलीत ती नको इतकी लांब जाते. लहान मुलीच्या अंगाला जो अडखळता, धसमुसळा जोर असतो, तो अशा रूपांतरात आपोआप येत नाही. तो ॲनिमेटरला वरून घालावा लागतो.

आणि हातांची बोटं. अंगाला लावलेल्या सेन्सरमधून बोटं आणि चेहरा सहसा येत नाहीत, ते नंतर हाताने करायचं असतं. वेळ संपत आला की सर्वांत आधी बोटांवर पाणी सोडलं जातं. स्केटिंगमध्ये निम्मा अभिनय मनगटापुढे असतो, म्हणून इथे ती कमतरता इतर कुठल्याही खेळापेक्षा जास्त उघडी पडते. फुटबॉलच्या मालिकेत खेळाडूची बोटं कोण पाहतं!

चित्र आणि सीजी यांमधला सांधाही तुम्ही नक्की पाहिला असेल. जवळून चेहरा दाखवताना हाताने काढलेलं चित्र, अंग पूर्ण दिसलं की सीजी, पुन्हा चेहरा, पुन्हा चित्र. प्रत्येक कटला प्रकाश, रेषेची जाडी आणि केसांचं वजन बदलतं. डोळा त्या बदलाशी जुळवून घेईपर्यंत अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात उडी होऊन गेलेली असते. माझ्या मते ‘मेडलिस्ट’मधली सर्वांत मोठी हानी या सांध्यांनी केली आहे, पायांनीही नाही. सीजी सलग ठेवलं असतं तर प्रेक्षक दहा मिनिटांत रुळला असता.

मग हाताने का नाही काढलं? ‘युरी’ने काढलं होतं ना?

काढलं होतं, आणि त्याची किंमतही मोजली. २०१६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बारा भाग आले. स्टुडिओ मप्पा, दिग्दर्शक सायो यामामोतो, कथा तिची आणि मित्सुरो कुबोची. कोरिओग्राफर केंजी मियामोतो स्वतः आइस डान्सर होते. त्यांनी प्रत्येक स्केटरचा कार्यक्रम खरोखर रचला, करून दाखवला, आणि त्यांच्या चित्रीकरणावरून ॲनिमेटरांनी काम केलं. म्हणून त्यातल्या पात्रांची चाल वेगवेगळी आहे. नायक युरी कात्सुकीचे खांदे, त्याचा प्रशिक्षक व्हिक्टरची मान, प्रतिस्पर्धी प्लिसेत्स्कीचा झटका हे कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. पहिल्या भागात युरी गावच्या रिकाम्या रिंकवर व्हिक्टरचा कार्यक्रम जसाच्या तसा करतो तो तुकडा आजही मी शिकाऊ मुलांना दाखवते. त्यात कल आहे, गुडघा आहे, पात्याची वळणं आहेत.

पण पुढच्या भागांत पाहा. युरीचा स्वतःचा एकच फ्री कार्यक्रम (स्पर्धेतला दुसरा, लांब कार्यक्रम) प्रादेशिक स्पर्धेत, चीनमध्ये, मॉस्कोत, बार्सिलोनात पुन्हा पुन्हा येतो. चेहरे सुटतात, अंगाचं प्रमाण हलतं, लांबून घेतलेल्या शॉटमध्ये माणूस एखाद्या पोझमध्ये गोठून नुसता पुढे सरकवलेला दिसतो. तेव्हाही प्रेक्षक चिडले होते. मला त्यात एक उघड कारण दिसतं. हाताने काढताना सर्वांत अवघड काय, असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं वेगवान उडी. खरं म्हणजे सर्वांत अवघड आहे संथ वळण. एक माणूस लांब कमानीत तुमच्याकडे पाठ करत हळूहळू वळतोय, आणि प्रत्येक चित्रात त्याचं डोकं, छाती, कंबर किंचित फिरलेली हवी, पण आकारमान तेच हवं. इनबिटवीन (मुख्य चित्रांच्या मधली चित्रं) काढणाऱ्याच्या हातून एक रेघ सुटली की अंग फुगतं किंवा आक्रसतं. स्केटिंग बव्हंशी हेच आहे. आणि सीजीला हे फुकट मिळतं.

उडीचा हिशोबही करून पाहा. चांगल्या चौपट (चार गिरक्यांच्या) उडीत स्केटर हवेत साधारण दोन तृतीयांश सेकंद असतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १६ फ्रेम. ॲनिमेत एक चित्र बहुधा दोन फ्रेम धरतात, म्हणजे हाती आली आठ चित्रं. गिरकीचा थोडा भाग बर्फावरच होऊन जातो, तरी हवेत साडेतीनच्या आसपास उरतात. त्या आठ चित्रांत वाटल्या की एका चित्रातून दुसऱ्यात माणूस जवळजवळ अर्धा फिरलेला. चेहरा, पाठ, चेहरा, पाठ. डावीकडे फिरतोय की उजवीकडे, हेच कळेनासं होतं. म्हणून ॲनिमेटर वेळ ताणतो, केस आणि कपड्यांच्या टोकांनी दिशा दाखवतो, किंवा चेहऱ्यावर कट मारतो. वेळ फार ताणली की उडी हवेत लोंबकळते. ‘युरी’च्या सातव्या भागात चीनच्या स्पर्धेत युरी शेवटच्या उडीला व्हिक्टरची खास ओळख असलेली चौपट फ्लिप घालतो आणि पडतो. तो प्रसंग चालतो, कारण सगळा भर उडी घ्यायच्या निर्णयावर आणि पडण्याच्या वजनावर आहे. हवेतला भाग आटोपता घेतलाय. गंमत म्हणजे २०१६ च्याच एप्रिलमध्ये जपानच्या शोमा उनोने खऱ्या स्पर्धेत चौपट फ्लिप पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली होती.

शोमा उनो नागोयाचा. मिदोरी इतो, माओ आसादा हेही नागोयाचेच. इतोने १९८८ मध्ये स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) मारली, असं करणारी ती पहिली स्त्री. ‘मेडलिस्ट’ही नागोयातच घडतं, आणि आकिको सुझुकीही नागोया ज्या आइची प्रांतात आहे तिथल्याच. हा तपशील इथे आणला, कारण ही गोष्ट खऱ्या स्केटिंगच्या गावातली आहे आणि सीजी का निवडलं याचं उत्तर मला त्यात दिसतं. ‘युरी’ ही मोठ्या माणसांची, प्रेमाची आणि आत्मविश्वासाची गोष्ट आहे. तिथे एखादं पाऊल अंधुक गेलं तरी गोष्ट चालते. ‘मेडलिस्ट’ ही शिकण्याची गोष्ट आहे. इनोरी आज कुठल्या धारेवर उभी राहू शकते, काल राहू शकत नव्हती, यावरच प्रसंग फिरतात. प्रशिक्षक त्सुकासा आकेउराजी तिच्या पायाकडे पाहून बोलतो. पाऊल खोटं काढलं तर त्याचं बोलणंच निरर्थक होईल. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केटवर आर्टिस्टिक स्केटिंग शिकणाऱ्या मुलांना साल्कोव्ह, लुट्झ, ॲक्सल ही उड्यांची नावं पाठ असतात. त्यांच्यापैकी कुणाला शेजारी बसवून मालिका पाहा. लुट्झ बाहेरच्या धारेवरून उडाली की आतल्या, ते मूल एका नजरेत सांगेल. अशा प्रेक्षकासाठी पाऊल बरोबर ठेवणं हा निर्णय मला पटतो. निर्णय बरोबर होता, तो तडीस न्यायला जेवढे हात आणि दिवस लागतात तेवढे मिळाले नाहीत, असं मला काम पाहून वाटतं.

म्हणून ‘आळस’ हा शब्द मला मान्य नाही. चार मिनिटांचा फ्री कार्यक्रम म्हणजे ५,७६० फ्रेम. दोन-दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी २,८८० चित्रं, आणि तीही सगळी अंग फिरवणारी, एकही सोपं नाही. टीव्ही मालिकेचा नेहमीचा अख्खा भाग काही हजार चित्रांत बसवतात. तोंडं हलणारे, बाकी स्थिर असे शॉट त्यात भरपूर असतात म्हणून तो बसतो. स्पर्धेच्या एका भागात तीन-चार मुली उतरतात. हे हाताने पूर्ण काढणारी टीम टीव्हीच्या वेळापत्रकात मिळत नाही. कुणी रात्रभर जागून काढलं, तर त्या माणसाच्या मनगटाचं आणि पाठीचं पुढे काय होतं ते मी या धंद्यात पाहिलं आहे. प्रेक्षकांनी निराश व्हावं, जरूर व्हावं, पण राग काढायचा तर वेळापत्रक ठरवणाऱ्यांवर काढावा.

मांगा वाचून आलेल्यांची निराशा जास्त तीव्र आहे, तेही समजतं. मांगाकार त्सुरुमाइकादा २०२० पासून ‘आफ्टरनून’ मासिकात हे काढत आहेत आणि २०२४ चा कोदान्शा मांगा पुरस्कार त्याला मिळाला. त्यांच्या पानावर इनोरीचा हात चौकट फोडून बाहेर येतो, पाऊल पानभर मोठं होतं, बर्फाचे तुकडे डोळ्यांसमोर उडतात. ते शरीरशास्त्राने चूक आणि भावनेने अचूक आहे. तुमच्या डोक्यात त्या स्थिर चित्रातून जी हालचाल तयार झाली ती कुठलाही स्टुडिओ पडद्यावर आणू शकला नसता. मोजून घेतलेली खरी हालचाल तिच्यापुढे फिकीच पडणार. इथे मात्र दिग्दर्शकाकडे मी एक मागणी करीन: दर कार्यक्रमात एक क्षण निवडा, एकच, आणि तो कॅप्चर बाजूला ठेवून मांगासारखा वेडावाकडा, हाताने काढा. बाकी सगळं सीजी चालेल.

‘युरी’बद्दलच्या इतर निराशांवर थोडंच लिहिते. अंतिम फेरीत कात्सुकी जेमतेम ०.१२ गुणांनी दुसरा येतो, हे अनेकांना आजही सलतं. मला तो निकाल योग्य वाटतो. हरून तो पुढे खेळत राहतो यातच त्याची वाढ आहे. जाहीर केलेला चित्रपट वर्षानुवर्षं लांबला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये रद्द झाला, त्याचं दुःख मात्र मलाही आहे. टीव्हीच्या घाईतून सुटून त्या टीमला स्केटिंगवर काम करता आलं असतं.

आता पुढे काय पाहायचं. ‘मेडलिस्ट’ सोडू नका. स्पर्धेचा भाग लागण्याआधी मांगातलं तेच प्रकरण वाचून काढा, म्हणजे इनोरीच्या मनात काय चाललंय ते आधीच ठाऊक असेल आणि डोळे पायांकडे ठेवता येतील. चेहऱ्याकडे पाहू नका, गुडघ्याकडे पाहा. कुठल्या शॉटमध्ये गुडघा खरोखर भार घेतोय ते दिसायला लागेल, आणि असे शॉट तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त आहेत. मालिकेच्या २०२५ च्या पर्वाचं सुरुवातीचं गाणं गायक केन्शी योनेझूचं आहे आणि त्याच्या व्हिडिओत स्वतः ऑलिंपिक विजेता युझुरु हान्यू स्केटिंग करतो. तो व्हिडिओ एकदा आवाज बंद करून, फक्त त्याच्या पात्याची वळणं पाहत बघा, मग लगेच मालिकेतला एखादा कार्यक्रम लावा. कमी काय पडलं ते मी इतकं लिहिलं त्याहून लवकर कळेल. प्याँगचँग २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये मिऊ सुझाकी आणि र्युइची किहारा या जपानी जोडीने ‘युरी ऑन आइस’च्याच संगीतावर फ्री कार्यक्रम केला होता, तोही शोधून पाहा. आणि ‘युरी’ पुन्हा पाहणार असाल तर या वेळी हेडफोन लावा. बर्फावरच्या पात्याचे आवाज त्यात खऱ्या स्केटिंगचे ध्वनिमुद्रित केलेले आहेत. चित्र हलकं पडतं तिथेही वजन कानातून पोचतं.